चांगला सिनेमा सोमवारी का उतरतो?

मधलीरांग | रविवार, रात्री १०:५०

शुक्रवारी दुपारी सव्वाबाराच्या खेळाला एक नवा मराठी सिनेमा पाहिला. ठाण्यातलं मल्टिप्लेक्स, दोनशेच्या वर खुर्च्या आणि प्रेक्षक सात. त्या सातांत मी आणि माझी आई. आई एरवी सिनेमा संपायच्या आधीच पिशवी आवरून बसते. या वेळी शेवटची नावं वर सरकत होती तरी ती जागची हलली नाही. रिक्षात घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही आणि रात्री जेवताना म्हणाली, "मावशीला दाखवायला पाहिजे हा."

म्हणून आज मावशीसाठी ॲप उघडलं. अख्ख्या ठाण्यात एकच खेळ, सकाळी साडेनऊचा. उद्यापासून तोही नाही. तीन दिवसांत कारभार आटोपला.

सिनेमाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा परीक्षणावर जाईल. मला विचारायचंय ते असं की सिनेमा चालतो किंवा पडतो तो नेमका कशामुळे? 'चांगला असेल तर चालतोच' हे मी आजवर मानत आलो, आता मानवत नाही. मोठं नाव लागतं म्हणावं तर २०१६चा 'सैराट' दोन नवख्या पोरांवर उभा होता, आणि ८० कोटींच्या पुढे गेला. २०२३च्या 'बाईपण भारी देवा'त सहा बहिणी, एकही तथाकथित हिरो नाही. त्यांना जमलं ते बाकीच्यांना का जमत नाही?

ज्यांनी या धंद्यात काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

फावलावेळ | रविवार, रात्री ११:०५

वाचतोय. खुर्ची अडवून ठेवली आहे.

अनुस्वार | रविवार, रात्री ११:३१

थोडं परखड लिहितो, राग मानू नका. तुम्हाला आणि तुमच्या आईंना आवडला, म्हणजे दोन माणसांना आवडला. उरलेल्या पाचांचं काय मत पडलं ते तुम्हाला ठाऊक नाही. आपल्याकडे मराठी सिनेमा पडला की थिएटरवाले वाईट, हिंदीवाले वाईट, प्रेक्षक कृतघ्न, एवढं म्हणून सगळे मोकळे होतात. सिनेमा कंटाळवाणा होता हे कुणी म्हणतच नाही.

'झिम्मा' १९ नोव्हेंबर २०२१ला आला. थिएटरं उघडून महिनाही झाला नव्हता, खुर्च्या निम्म्याच भरायची परवानगी होती, लोकांच्या तोंडावर मास्क. तरीही लोक गेले, कारण सिनेमानं त्यांना बोलावलं. माझ्या मते ऐंशी टक्के उत्तर पडद्यावरच असतं.

निशिगंध | सोमवार, सकाळी ९:१२

अनुस्वार, लोक गेले हे खरं, पण कसे गेले तेही बघा ना.

आमच्या भिशीच्या गटात अकराजणी. 'बाईपण' लागला ३० जूनला. पहिल्या शनिवारी आमच्यातली एकटी जाऊन आली, तीही नणंदेबरोबर. सोमवारी भिशीत ती उभी राहून त्या बहिणींची नक्कल करून दाखवायला लागली आणि बुधवारी आम्ही दहाजणी थिएटरात. सगळ्या नऊवारीत, डोळ्यांवर गॉगल. आमच्या पुढच्या रांगेत एक आजी होत्या, त्यांच्या सुनेनं त्यांना इंटरव्हलला हाताला धरून बाहेर नेलं तर म्हणाल्या, "लवकर चल, सुरू होईल." मग मी आईला घेऊन गेले, मग सासूबाईंना. मी एकटीनं तीन तिकिटं काढली त्या सिनेमाची. त्या वर्षी अधिक श्रावण होता, मंगळागौरीच्या गप्पा नुसत्या सुरू झाल्या होत्या आणि सिनेमात तर मंगळागौरच.

सांगायचं हे की पहिली बाई शनिवारी गेली आणि दहाजणी बुधवारी. तो सिनेमा सोमवारी उतरवला असता तर आम्ही कुठे जाणार होतो?

मधलीरांग, एक विचारू? तुमच्या आईंनी मावशींना फोनवर त्या सिनेमाबद्दल काय सांगितलं?

मधलीरांग | सोमवार, सकाळी ९:४०

निशिगंधताई, आई म्हणाली, "बघच तू. मला सांगता येणार नाही."

निशिगंध | सोमवार, सकाळी ९:४४

मग तिथेच घोडं अडलं बघा. 'बाईपण' सांगायला आम्हाला एक वाक्य पुरत होतं. भांडलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. तिकिटाच्या खिडकीवरच्या बायका तर नावही घेत नव्हत्या, "त्या बहिणींच्या पिक्चरची चार द्या" म्हणत होत्या.

फावलावेळ | सोमवार, सकाळी १०:०२

ताईंच्या प्रतिसादाला +१. 'सैराट'लाही आमच्याकडे "आर्ची-परश्याचा" असंच म्हणायचे.

तंबूतला | सोमवार, दुपारी १:२०

धंद्यातल्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. आमचं सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी थिएटर होतं. आजोबांचा यात्रांमधून फिरणारा तंबू, पुढे वडिलांनी पत्र्याचं पक्कं थिएटर बांधलं. २०१९ला आम्ही ते बंद केलं. आता तिथे मंगल कार्यालय आहे.

वडील पहिल्या दिवसाचा आकडा बघून कधी हुरळले नाहीत की खचले नाहीत. म्हणायचे, शुक्रवारचं गिऱ्हाईक पोस्टरनं आणलेलं असतं, सोमवारचं गिऱ्हाईक शुक्रवारच्या गिऱ्हाइकानं. रोज रात्री ते डीसीआर, म्हणजे दिवसाच्या तिकीटविक्रीचा तक्ता, भरायला बसायचे. कुठल्या वर्गाचं तिकीट कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत फाटलं, ते खेळाप्रमाणे लिहायचं. त्यात ते फक्त सोमवारच्या दुपारच्या खेळाचा आकडा शुक्रवारच्या दुपारच्या खेळाशी ताडून बघायचे. निम्मा जरी टिकला तरी दुसरा आठवडा द्यायचा.

दुसरी परीक्षा आमच्या झाडणाऱ्या मावशींची. खेळ सुटला की त्या झाडू घेऊन आत जायच्या आणि बाहेर येऊन निकाल सांगायच्या. त्यांचा हिशोब शेंगांच्या टरफलांवर. टरफलं ढीगभर निघाली की पिक्चरात जीव नाही, लोक नुसते खात बसले होते. 'माहेरची साडी' आमच्याकडे लागला तेव्हा बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून यायच्या, ताडपत्री अंथरून, पोराबाळांसकट. मावशी आतून न फोडलेल्या शेंगांचे पुडेच्या पुडे घेऊन यायच्या. बायका पदर डोळ्याला लावून बसलेल्या, शेंगा फोडणार कोण?

आता हिशोब सांगतो, म्हणजे सोमवारी का उतरतो ते कळेल.

मल्टिप्लेक्सचं २०० रुपयांचं तिकीट धरा. शंभरावरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी. तो गेला की उरतात साधारण १६९, याला नेट म्हणायचं. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं मोठं भांडण झालं. ते मिटताना निर्मात्याच्या बाजूचा वाटा असा ठरला: पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे पहिल्या आठवड्यात आलेल्या माणसामागे सुमारे ८५ रुपये, तर चौथ्या आठवड्यात आलेल्या माणसामागे जेमतेम ५१.

समजा सगळा खर्च धरून सिनेमा चार कोटींचा. सगळी माणसं पहिल्याच आठवड्यात आली असं धरलं तरी पावणेपाच लाख माणसं लागतात. राज्यभर रोज २०० खेळ आणि खेळाला ३० माणसं आली तर दिवसाची झाली ६०००. पावणेपाच लाख व्हायला ७८-८० दिवस. आणि दुसऱ्या आठवड्यात २०० खेळ कोण देतंय? यात वितरकाचं कमिशन धरलेलं नाही. टीव्ही-ओटीटीचे पैसे वेगळे, पण हल्ली तेही थिएटरातला आकडा बघूनच भाव ठरवतात.

म्हणून सगळे पहिल्या तीन दिवसांवर जीव टाकतात. जो सिनेमा सावकाश चढतो त्याला चढला तरी माणशी कमी पैसे मिळतात. आणि आपला मराठी प्रेक्षक बहुतेक वेळा सावकाशच चढतो. कुणीतरी बघून येतो, सांगतो, मग घरात ठरतं, मग कुणाची तरी सुट्टी बघतात. या सगळ्याला आठ-दहा दिवस जातात. पडदा मिळतो तीन दिवस. मधलीरांग, तुमच्या मावशींचं तेच झालं.

वर्षा_डोंबिवली | सोमवार, दुपारी २:०५

तंबूतले काका, प्रतिसाद जपून ठेवला आहे. शेंगांचा पुडा डोळ्यांसमोर आला.

आमच्या बाजूचाही हिशोब मांडते. आम्ही चौघं. २५० प्रमाणे तिकिटांचे हजार. ॲपवरून काढली तर वर त्यांचं शुल्क. मुलांचे पॉपकॉर्न आणि पाण्याची बाटली म्हणजे आणखी सहा-सातशे, रिक्षा दोन्ही वेळची. दोन हजार रुपये आणि रविवारची अर्धी दुपार. एवढं घालवून सिनेमा रटाळ निघाला तर मुलं पुढचे सहा महिने ऐकवतात. म्हणून मी चारजणींना विचारल्याशिवाय जात नाही. आळस नाही हो यात, पैसे जपून वापरणं आहे.

फावलावेळ | सोमवार, दुपारी २:११

वर्षाताई, आमच्या घरात कुठला सिनेमा बघायचा हे ठरेपर्यंत त्याचा इंटरव्हल झालेला असतो.

कोल्हापूरकर७२ | सोमवार, सायंकाळी ६:४८

शहरातली मंडळी तिकिटाचा भाव बोलतात. आमच्याकडं पैका हातात कधी येतो ते बघाय लागतं. उसाचं बिल खात्यावर जमा झालं की घरातली सगळी गाडी काढून पिक्चरला. पेरणीच्या दिवसांत फुकट दाखवलात तरी कोण येत नाही. मुंबईत बसून तारीख ठरवणाऱ्याला हे ठाऊक नसतं. वर दहावी-बारावीची परीक्षा, आयपीएल, गणपती, पितृपक्ष. एवढं टाळून वर्षात किती शुक्रवार उरतात मोजा, आणि त्यातल्या एकेका शुक्रवारी तीन-तीन मराठी पिक्चर एकमेकांच्या उरावर.

'सैराट' बघा. २९ एप्रिलला लागला. परीक्षा आटपलेल्या, रानात काम कमी, यात्रा-जत्रा-लग्नसराई सुरू. झिंगाट आधीच प्रत्येक वरातीत वाजाय लागलेलं. वरातीनंच जाहिरात केली म्हणा की. माझा चुलत भाऊ रात्री बाराच्या खेळाला तिकीट मिळालं नाही म्हणून तीनच्या खेळाला बसला आणि उजाडताना दूध घालाय डेअरीत हजर!

अनुस्वार | सोमवार, सायंकाळी ७:३०

पेरणीच्या दिवसांत कोणी येत नाही म्हणता, मग 'बाईपण' ३० जूनला लागून कसा चालला? तारखेचा मुद्दा मी नाकारत नाही, पण तारीख चांगली असूनही आपटलेले सिनेमे मोजायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

कोल्हापूरकर७२ | सोमवार, सायंकाळी ७:५२

बायकांचा पिक्चर होता भावा. पेरणी गड्यांची चालली होती म्हणायचं! ... चेष्टा सोडा, तो आधी शहरात धरला आणि मग आमच्याकडं आला. दम धरला त्यांनी, पिक्चर पडद्यावर ठेवला. तंबूतले काका तेच सांगत्यात.

गिरणगाव | सोमवार, रात्री १०:१५

पडद्यासाठी भांडण हे मराठी सिनेमाला नवीन नाही. १९७१ साली दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरला लागायचा होता आणि थिएटरवाल्यांना त्याच वेळी हिंदी सिनेमा लावायचा होता. बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, शिवसैनिक थिएटरवर गेले, मग 'सोंगाड्या' लागला. पुढे दादांचे ओळीनं नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. पण पहिल्या सिनेमाला पडदाच मिळाला नसता तर पुढचे आठ कुठून आले असते?

२०१३ ला तीच गोष्ट. 'दुनियादारी' जुलैपासून जोरात चालू होता, ऑगस्टमध्ये शाहरुखचा मोठा सिनेमा आला तेव्हा एकपडदा थिएटरांतून तो काढायची भाषा सुरू झाली. मनसेनं आवाज उठवला आणि 'दुनियादारी' टिकला. २०१५ला सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठीला दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळात खेळ द्यायला सांगितलं. मधलीरांग यांचा सव्वाबाराचा खेळ कागदावर नियमात बसतो. नोकरी करणाऱ्या माणसानं शुक्रवारी सव्वाबाराला जायचं कसं ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.

आमचे वडील गिरणीत होते. पाळी सुटली की लालबागचं भारतमाता. घामेजलेल्या कपड्यांनिशी गेलं तरी तिथे कोणी वर-खाली बघत नसे. अंगावर काय घालून जायचं हा विचार सिनेमाला जाताना करावा लागतो, हे मला मॉल आल्यावर कळलं.

एडिटटेबल | मंगळवार, दुपारी १२:३०

मी दोन मराठी सिनेमांच्या प्रसिद्धीत काम केलं आहे, नावं सांगणार नाही.

पहिल्या सिनेमाच्या वेळी तारीख तीनदा बदलली. रिक्षांच्या मागे लावायची पोस्टरं दुसऱ्या तारखेची छापून झाली होती. नवी छापायला पैसे नव्हते, म्हणून तारखेवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. पावसात पट्ट्या गळून पडल्या. जुन्या तारखेला लोक थिएटरवर जाऊन परत आले, आणि परत आलेला माणूस पुन्हा जात नाही. खऱ्या तारखेला पहिल्या खेळाला मी दारात उभा होतो. चौदा माणसं आली, त्यातली नऊ आमच्याच युनिटची.

दिग्दर्शकानं घर गहाण टाकलं होतं. सगळा पैसा चित्रीकरणात संपला, लोकांना सांगायला उरला नाही. मराठीत हे कायम होतं. चार कोटींतले साडेतीन सिनेमा करण्यात जातात आणि उरलेल्या पन्नास लाखांत महाराष्ट्रभर सांगायचं असतं. एखादी वाहिनी पाठीशी असेल तर गोष्ट वेगळी. 'सैराट'मागे झी होती, गाणी दिवसरात्र कानावर पडत होती. नागराज मंजुळ्यांची ताकद मी कमी लेखत नाही, पण त्यांचाच 'फँड्री' २०१४ला आला, तोही ताकदीचाच होता. तेवढी माणसं त्याला आली नाहीत.

आता नशिबाचा भाग. 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' ३ एप्रिल २००९ला लागला. तंबूतले काका ज्या भांडणाबद्दल लिहितात ते दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. हिंदी निर्मात्यांनी नवे सिनेमे मल्टिप्लेक्सना द्यायचं थांबवलं ते थेट जूनपर्यंत. पडदे रिकामे, उन्हाळ्याची सुट्टी, आणि दारात हा सिनेमा. विषय नेमका मराठी माणसाच्या मनातला, त्यामुळे चालला असताच. पण बोलबाला पसरायला त्याला जेवढे दिवस मिळाले तेवढे इतर कुणाला मिळाले?

अनुस्वार | मंगळवार, दुपारी १:१८

एडिटटेबल, पांढऱ्या पट्ट्यांचं वाचून वाईट वाटलं. मनापासून.

तरी एक विचारतो. त्या दोन महिन्यांत पडदे सगळ्यांनाच रिकामे होते. मग सगळेच मराठी सिनेमे चालले का? म्हणजे पडदा मिळणं ही पहिली पायरी. तिथवर मी तुमच्याबरोबर येतो. त्यापुढे सिनेमाच लागतो.

एडिटटेबल | मंगळवार, दुपारी १:२६

मान्य. पहिल्या पायरीवरच पाय घसरलेल्यांचं मी सांगत होतो.

नागपुरी_संत्रं | मंगळवार, सायंकाळी ५:४०

तुम्ही ठाण्यात एक खेळ होता म्हणून रडून राह्यले. आमच्याकडे लागतच नाही बाप्पा! आमचा मुलूख सिनेमाच्या धंद्यात अजून सीपी बेरार या इंग्रजांच्या काळातल्या नावानं ओळखला जातो, वितरक वेगळा. मुंबई-पुण्यात काय चाललं ते बघून मग इकडे पाठवायचं का ते ठरवतात. 'चांगला आहे' असं पुण्याच्या मामेबहिणीकडून ऐकू येते, तेव्हा इथे थिएटरात विचारलं तर म्हणतात आलाच नाही. महिन्याभरानं मोबाईलवर बघतो. मग म्हणतात विदर्भात मराठी सिनेमाला प्रेक्षक नाही.

मांडवीकाठ | मंगळवार, रात्री ८:०९

गोव्यात जत्रेतलं मराठी नाटक बघायला माणसं देवळापुढे चटई टाकून पहाटेपर्यंत बसतात. तीच माणसं मराठी सिनेमाला मॉलमध्ये जात नाहीत. २०२५च्या सप्टेंबरात 'दशावतार' लागला तेव्हा मात्र आमच्या वाड्यावरून दोन गाड्या भरून गेल्या. दिलीप प्रभावळकरांना बघायला नव्हे हां, आमचे दशावतारी सिनेमात कसे दाखवलेत ते बघायला. परतीच्या वाटेवर गाडीत प्रभावळकरांशिवाय दुसरा विषय नव्हता.

पूर्वकिनारा | मंगळवार, रात्री ११:५५

न्यू जर्सीहून. आमच्याकडे फार पूर्वी मराठी मंडळातलं कुणीतरी पुढाकार घ्यायचं, एखादं थिएटर रविवारी सकाळी भाड्यानं घ्यायचं आणि फोनाफोनी करून दीडशे माणसं जमवायची. एकच खेळ. इंटरव्हलला घरून आणलेले बटाटेवडे. तो खेळ कधी रिकामा गेला नाही, कारण प्रत्येकाला आणखी कोण येणार आहे ते माहीत असायचं. निम्मी माणसं सिनेमाला यायची, निम्मी एकमेकांना भेटायला. ठाण्यात हे करता येणार नाही का?

फावलावेळ | बुधवार, सकाळी ८:२०

पूर्वकिनारा, वड्यांना परवानगी मिळाली तर मी ठाण्याला येतो, सिनेमा कुठलाही असो.

अवांतर: हळू चढणाऱ्यांत 'शोले' विसरू नका. १५ ऑगस्ट १९७५ला लागला तेव्हा सुरुवातीला जाणकारांनी पडला म्हणून जाहीर केलं होतं. शेवट बदलायचं घाटत होतं म्हणतात. मग लोकांच्या तोंडी संवाद बसले आणि मिनर्व्हाला पाच वर्षं हलला नाही. आजच्या हिशोबानं १८ ऑगस्टच्या सोमवारी त्याचे खेळ निम्मे झाले असते.

वर्षा_डोंबिवली | बुधवार, सकाळी ९:०१

आणि 'तुंबाड'! २०१८ला आला तेव्हा मी तर नावही ऐकलं नव्हतं. सहा वर्षं लोक एकमेकांना सांगत राहिले आणि सप्टेंबर २०२४ला पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई. सिनेमा तोच, एक दृश्य बदललं नव्हतं. अनुस्वार, याला काय म्हणाल?

अनुस्वार | बुधवार, सकाळी १०:३५

याला म्हणेन की माझे ऐंशी टक्के मी साठावर आणतो. 'तुंबाड'चं उदाहरण मला अडचणीचं आहे हे कबूल. सिनेमा तोच असून निकाल वेगळा लागला, म्हणजे मधल्या सहा वर्षांत प्रेक्षक तयार झाला. दहा दिवसांत न होणारं काम सहा वर्षांत झालं.

मधलीरांग, त्या सिनेमाचं नाव मला खासगी निरोपातून कळवा. पुण्यात एक खेळ शिल्लक असेल तर बघून येतो आणि मग बोलतो.

मधलीरांग | बुधवार, रात्री ९:४५

सगळ्यांचं सविस्तर वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. शेंगांचं ऐकून म्हणाली, "खरंय, मी त्या दिवशी पर्समधली गोळीसुद्धा काढली नाही."

पूर्वकिनारा यांचं डोक्यात बसलं होतं, म्हणून आज ऑफिसातून येताना मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला भेटलो. माणूस चांगला निघाला. म्हणाला, मलाही आवडला होता, पण खुर्च्या रिकाम्या ठेवून वरच्यांना काय सांगू? पन्नास तिकिटं नक्की झाली तर शनिवारी सकाळी अकराचा खेळ लावतो, गटासाठी १५० रुपये. वडे आत नेता येणार नाहीत, फावलावेळ, क्षमस्व.

माझ्याकडे सोसायटीतली एकोणीस झाली. निशिगंधताई, वर्षाताई?

निशिगंध | बुधवार, रात्री ९:५८

भिशी पूर्ण, अकरा. सासूबाई धरून बारा.

वर्षा_डोंबिवली | बुधवार, रात्री १०:२०

आम्ही चौघं आणि मुलांच्या वर्गातल्या तीन आया. १५०ला मुलंही हरकत घेणार नाहीत.

तंबूतला | गुरुवार, सकाळी ७:३०

माझी बहीण ठाण्यात असते, तिची तीन धरा. मी यायचा प्रयत्न करतो. मधलीरांग, एक सल्ला. खेळ सुटल्यावर लगेच आभाराची भाषणं करू नका. दारात बाजूला उभे राहून लोक काय बोलत बाहेर पडतात तेवढं ऐका.

अनुस्वार | शुक्रवार, रात्री ११:१०

पाहिला. पुण्यात रात्री पावणेदहाचा खेळ, आम्ही अकरा जण. पहिली वीस मिनिटं संथ आहेत, त्यात कात्री चालवायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. पुढचं मात्र मला अपेक्षित नव्हतं. स्टेशनवरचा तो शेवटचा प्रसंग चालू असताना माझ्या शेजारचा अनोळखी माणूस रुमाल शोधत होता, मी माझा दिला.

या सिनेमाला सोमवारी उतरवायला नको होतं.

मधलीरांग | शनिवार, दुपारी ३:३०

त्र्याहत्तर माणसं आली! पन्नासची अट होती. मॅनेजरनं स्वतः येऊन मागच्या दोन रांगा उघडून दिल्या.

तंबूतले काका बहिणीबरोबर आले होते. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी दारात उभा राहिलो. आधी पाच-सहा जण गप्पच बाहेर आले. मग वर्षाताईंचा धाकटा, "आई, आजोबांना फोन लाव ना." मग भिशीतल्या एक काकू फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, "अगं, तो म्हातारा नाही का, रोज डबा घेऊन स्टेशनवर जातो, त्याचा पिक्चर. उद्या बघ लागलाय का कुठे."

आई शेजारीच होती. माझा दंड धरून म्हणाली, "हे असं सांगायचं होतं मला मावशीला."

निशिगंध | शनिवार, दुपारी ४:०५

काकू म्हणजे आमच्या सासूबाई. घरी येईपर्यंत पाच फोन झालेत.

तंबूतला | शनिवार, सायंकाळी ७:१५

आल्यापासून मन भरून आहे. थिएटर बंद केल्यावर पहिल्यांदाच भरलेल्या खेळाच्या दारात उभा राहिलो.

आत जाऊन खुर्च्यांखाली बघून आलो. पॉपकॉर्नचे तीन डबे अर्धे भरलेले तसेच पडले होते. मधलीरांग, मॅनेजर पुढच्या सोमवारचं काय म्हणाला?

मधलीरांग | शनिवार, सायंकाळी ७:४०

सोमवारी नाही म्हणाला. मंगळवारी दुपारी सव्वाचारचा एक खेळ लावलाय. मावशीचं तिकीट काढलं. ॲपवर पाहिलं तर आमच्याखेरीज आणखी नऊ खुर्च्या गेलेल्या आहेत, आणि त्या कुणी घेतल्या ते मला माहीत नाही.